चेहरा आणि करणी : परीकथांवरील ॲनिमेशनपटांतील सुष्ट आणि दुष्ट

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



शंभर वर्षे अखंड ग्रंथसेवा करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी संचालक मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा काही मंडळींना थोडे आश्चर्य वाटले असावे. शताब्दीच्या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर बोलावे, सीमाभागातील मराठी साहित्यावर बोलावे, ते सोडून मराठीचा हा प्राध्यापक मुलांच्या कार्टूनपटांवर काय बोलणार, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वाचनालयाला पुढची शंभर वर्षे वाचक हवे आहेत, त्याने आजचे मूल गोष्ट कोठून घेते हे पाहिलेच पाहिजे. आपल्या पिढीला हिमगौरी प्रथम भेटली ती बालविभागातील फाटक्या बांधणीच्या पुस्तकात. आजच्या मुलाला ती पडद्यावर भेटते, आणि आता तर आईच्या हातातील मोबाईलवर भेटते. गोष्ट तीच, पण ती येण्याची वाट बदलली की गोष्टीतील माणसेही बदलतात. हा बदल कसा झाला, विशेषतः गोष्टीतील सुष्ट आणि दुष्ट माणसांचे त्यात काय झाले, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

परीकथा ही मूलतः न्यायाची कथा असते. कोणावर तरी अन्याय होतो, सत्त्वपरीक्षा होते आणि शेवटी ज्याचे त्याला मिळते. लहान मुलाला गोष्टीत सर्वांत आधी हवे असते ते याचेच उत्तर, की यात चांगला कोण आणि वाईट कोण. हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, परंतु मनुष्य आयुष्यभर जे शिकत असतो त्याचा तो पहिला धडा आहे. म्हणून मूल हा धडा कशावरून शिकते, याला महत्त्व आहे. पात्राच्या करणीवरून शिकते, की त्याच्या चेहऱ्यावरून?

परीकथेवरील पूर्ण लांबीचा पहिला गाजलेला ॲनिमेशनपट म्हणजे वॉल्ट डिस्ने यांचा १९३७ सालचा ‘हिमगौरी आणि सात बुटके’. तत्पूर्वी आपल्याकडेही चित्रे हलविण्याचे प्रयोग झाले होते. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि पुढे पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हे कार्टून काढले. परंतु परीकथेचा साचा जगभर रूढ केला तो डिस्ने यांच्या चित्रपटांनी, हे मान्य केले पाहिजे. त्यातील कलाकौशल्य वादातीत आहे. एकेका क्षणासाठी कैक चित्रे हाताने काढून रंगविणाऱ्या शेकडो कलावंतांचे ते श्रम होते.

आता या चित्रपटातील दुष्ट राणी पाहा. ती कुरूप नाही. रूपात तिच्या तोडीची हिमगौरीखेरीज दुसरी कोणी नाही, हेच तर तिचे दुःख आहे. परंतु विषारी सफरचंद देण्याची वेळ येते तेव्हा ती एक काढा पिते आणि आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी होते. नाक लांबते, पाठ वाकते, बोटांचे काटे होतात. वेषांतर मूळ कथेतही आहे. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या संग्रहात राणी वेष पालटून तीन वेळा येते. परंतु कथेत तो वेष आहे, आणि चित्रपटात तो जणू तिच्या अंतरंगाचा खरा चेहरा आहे. पुढे वीज पडून कड्यावरून तिचा अंत होतो तो याच रूपात. सुंदर राणी आपल्याला पुन्हा दिसत नाही. दुष्टपणा करावयाचा तर आधी कुरूप व्हावे लागते, हा अलिखित नियम येथे सुरू झाला.

या कथेची आणखी एक बाब येथे नमूद करणे अगत्याचे आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा द्वेष करणारी राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केले. आईच्या ठायी असूया असू शकते, हे मुलांच्या पुस्तकात छापणे त्यांना जड गेले असावे. याचा अर्थ, दुष्टपणाला घराबाहेर काढण्याचे काम चित्रपटाच्या शंभर वर्षे आधीच सुरू झाले होते. वाईट असेल ते आपले नव्हे, ते बाहेरून आलेले, ही सोय छापील पुस्तकाने केली आणि चित्रपटाने त्याला रंगरूप दिले.

सिंड्रेलाचे उदाहरण याहून बोलके आहे. ग्रिम बंधूंच्या कथेत तिच्या सावत्र बहिणी दिसावयास सुंदर आणि गोऱ्यापान आहेत. काळे आहे ते त्यांचे अंतःकरण. फ्रान्सच्या शार्ल पेरोने १६९७ मध्ये जी कथा छापली, तिच्या शेवटी सिंड्रेला या बहिणींना क्षमा करते, राजवाड्यात आणते आणि दोघींची लग्ने सरदारांशी लावून देते. १९५० च्या डिस्नेपटात मात्र या बहिणी बेढब, भसाड्या आवाजाच्या आणि चालताना अडखळणाऱ्या आहेत. एवढेच काय, त्या घरातील मांजराचे नावसुद्धा ल्यूसिफर, म्हणजे सैतान! पडदा उघडून पाच मिनिटे होतात न होतात तोच तीन वर्षांच्या मुलालाही निकाल कळतो. त्यांनी अद्याप काही केलेलेही नसते.

रूपाखालोखाल निकाल देतो तो आवाज, आणि आपल्या भागाच्या दृष्टीने हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९४ च्या ‘लायन किंग’मध्ये मुफासा आणि स्कार हे एकाच गुहेत वाढलेले सख्खे भाऊ. मूळ इंग्रजी चित्रपटात थोरला सज्जन भाऊ अमेरिकन उच्चारात बोलतो आणि धाकटा दुर्जन भाऊ ब्रिटिश उच्चारात! एका आईच्या पोटी जन्मलेल्या दोन सिंहांच्या बोलीत एवढा समुद्र कसा आला, हे त्या जंगलालाच ठाऊक. दुर्जनाचे आयाळही काळे आणि त्याच्या नावाचा अर्थच व्रण. १९९२ च्या ‘अल्लादीन’मध्ये नायक-नायिका अरबस्तानातील असूनही शुद्ध अमेरिकन इंग्रजी बोलतात आणि बाजारातील लोभी व्यापारी व शिपाई तेवढे परक्या हेलाने बोलतात. त्या चित्रपटाच्या आरंभगीतातील एका ओळीवर अमेरिकेतील अरब नागरिकांनी आक्षेप घेतला आणि १९९३ मध्ये घरगुती चित्रफितीसाठी ती ओळ बदलावी लागली. ओळ बदलली, परंतु हेल तसेच राहिले. चांगला माणूस आपल्यासारखा बोलतो आणि वाईट माणूस दुसऱ्यासारखा बोलतो, हे मुलाच्या कानाला न सांगता शिकविले गेले.

हा दोष केवळ परदेशी आहे, असे समजून आपण समाधान मानू नये. २००८ पासून दूरदर्शन वाहिन्यांवर लोकप्रिय झालेल्या ‘छोटा भीम’मध्ये नायकाला सतावणाऱ्या दांडग्या मुलाचे नाव ‘कालिया’ आहे. ‘स्नो व्हाईट’चे मराठीत आपण ‘हिमगौरी’ केले, ते नाव सुरेखच आहे, परंतु त्यात गौरवर्णाची भलावण दुप्पट झाली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मी एकदा पदवीच्या वर्गात, लोककथा शिकविताना, विद्यार्थ्यांना चेटकिणीचे वर्णन लिहावयास सांगितले. बहुतेकांच्या चेटकिणीच्या डोक्यावर उंच, निमुळती काळी टोपी होती आणि हातात लांब दांड्याचा झाडू होता. निपाणीच्या तंबाखूच्या शिवारात किंवा खानापूरच्या रानात अशी टोपी घातलेली बाई कोणी पाहिली असेल? ही मुले खेड्यातील होती आणि आजीच्या मांडीवर वाढलेली होती. तरीही आजीची चेटकीण पुसली गेली होती आणि पडद्यावरची उरली होती.

येथे दुसरी बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली परीकथांवर एक बहुचर्चित ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की लहान मुलाला अर्धे चांगले अर्धे वाईट असे पात्र उमगत नाही. त्याच्या मनातील भीती, राग आणि मत्सर यांना धरावयास स्पष्ट आकार लागतो, म्हणून परीकथेत माणसे एक तर पूर्ण चांगली किंवा पूर्ण वाईट असतात. सावत्र आईमुळे मुलाला रागावलेल्या आईचा राग करता येतो आणि प्रेमळ आई मनात शाबूत राहते. हे विवेचन मार्मिक आहे आणि मला ते बऱ्याच अंशी मान्य आहे. चेटकीण नसलेली परीकथा ही मिठाशिवायची आमटी होय. परंतु बेटलहाइमने विचार केला तो मुख्यतः सांगितलेल्या कथेचा. सांगितलेल्या कथेत ‘दुष्ट राणी’ एवढेच दोन शब्द असतात आणि तिचा चेहरा मूल स्वतः काढते. कधी तो शेजारच्या काकूचा असतो, कधी गणिताच्या मास्तरांचा, तर कधी स्वतःच्या आईचाही असतो! पडद्यावर तो चेहरा आयता मिळतो आणि जगभरच्या कोट्यवधी मुलांना तो एकच मिळतो. स्पष्ट दुष्टपणा आणि ठराविक दुष्ट चेहरा यांत हे अंतर आहे.

याहून वेगळी रीत असू शकते काय? असू शकते. तिचा उत्तम दाखला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तो आपल्याच जिल्ह्यात आहे.

ए. के. रामानुजन हे नाव आपणास परिचित आहे. इंग्रजी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लिहिणारे हे थोर कवी आणि लोकसाहित्याचे अभ्यासक शिकागो विद्यापीठात जाण्यापूर्वी, १९५० च्या दशकात, बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्या वर्षांत त्यांनी या परिसरातील आयाबायांकडून लोककथा उतरवून घेतल्या. त्यांतील एक कथा कित्तूरच्या एका वृद्धेने सांगितलेली. तिचे नाव ‘हंची’. ही कन्नड मुलखातील सिंड्रेलाची कथा म्हणून रामानुजन यांनी जगापुढे मांडली आणि १९८२ मध्ये ॲलन डंडस या अभ्यासकाने सिंड्रेला कथेवरील जे निबंध एकत्र केले, त्यांत तिला स्थान मिळाले. ज्या सिंड्रेलाला आपण परदेशी पाहुणी समजतो, तिची एक बहीण कित्तूरला नांदत होती!

कथा थोडक्यात अशी. एका बाईला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीचे केस सोन्याचे. मुले मोठी होतात आणि एके दिवशी त्या केसांवर भावाचीच नजर पडते. तो तिच्याशीच लग्न करावयाचा हट्ट धरतो. आई हादरते. ती मुलाला काही निमित्ताने बाहेरगावी धाडते, मुलीच्या चेहऱ्यावर मातीचा मुखवटा चढविते आणि तिला घराबाहेर पाठविते. कन्नडमध्ये ‘हंचु’ म्हणजे कौल, खापर. म्हणून लोक तिला म्हणू लागतात ‘हंची’. ती एका सावकाराच्या घरी चाकरीस राहते. तिच्या हाताला अशी चव, की तिने केलेल्या गोड भाताची कीर्ती होते. एकदा सगळे मळ्यात गेलेले असताना ती मुखवटा काढून न्हाते आणि सावकाराचा धाकटा मुलगा तिचे सोन्याचे केस पाहतो. त्यांचे लग्न होते.

सिंड्रेलाची गोष्ट येथे संपते. हंचीची येथून खरी सुरू होते. सावकाराच्या घरी एका स्वामींचे येणेजाणे असते. सारे घर त्यांच्या पायांशी. हे स्वामी हंचीवर वाईट नजर ठेवतात आणि मंत्रतंत्र करून तिला वश करू पाहतात. ती बधत नाही. तेव्हा ते तिच्या खोलीत खोटे पुरावे ठेवून तिच्या शीलावर आळ घेतात. घरातील थोर मंडळींना स्वामींचा शब्द खरा वाटतो. हंचीला पेटीत कोंडून नदीत सोडण्याचे ठरते आणि पेटी स्वामींच्याच हवाली होते. ते ती एका म्हातारीच्या घरी ठेवतात आणि सांगतात, आत पिसाळलेली कुत्री आहेत, उघडू नकोस. म्हातारी पेटी उघडते, मुलीला बाहेर काढते आणि तिच्या जागी खरोखरच एक पिसाळलेले कुत्रे कोंडते. पुढे स्वामी मोठ्या उत्सुकतेने पेटी उघडतात आणि आपल्या कर्माचे फळ भोगतात. शेवटी म्हातारीच्या घरच्या पंगतीत सावकाराच्या कुटुंबाला गोड भाताचा घास तोंडात पडताच हंचीची आठवण येते. ती त्यांच्यासमोर येते आणि ज्यांनी तिला पेटीत घातले, त्यांच्या माना खाली जातात.

आता ही कथा त्या चित्रपटांशेजारी ठेवून पाहा. येथे सावत्र आई नाही. आई प्रेमळ आहे. पहिला धोका येतो तो सख्ख्या भावाकडून, म्हणजे घरातूनच. दुसरा धोका येतो तो ज्याच्या पाया पडावयाचे त्याच्याकडून. दुष्टाच्या अंगावर भगवी वस्त्रे आहेत आणि नायिकेच्या तोंडावर खापर आहे. चेहरा पाहून निवाडा करणारे सारे या कथेत चुकतात. जिला काही मान नाही, कोणी नाव विचारीत नाही, अशी एक म्हातारी पेटी उघडून पाहते. दुसऱ्याने ‘आत कुत्री आहेत’ म्हटले म्हणून ती थांबत नाही. तिचे हे उघडून पाहणे मला या कथेतील खरे शहाणपण वाटते. आणि हंची ओळखली जाते ती कशावरून? काचेच्या बुटावरून नव्हे, पावलाच्या नाजूक मापावरून नव्हे, तर हाताच्या चवीवरून. म्हणजे तिच्या करणीवरून.

कित्तूरच्या त्या वृद्धेने हे तत्त्वज्ञान कोठे शिकले? ते या मातीतील कथांचेच आहे आणि मराठी बाजूसही ते तितकेच आढळते. श्रावणी सोमवारच्या शिवामुठीची कहाणी आपल्या घरोघर वाचली जाते. त्यातील नावडत्या सुनेला उष्टे अन्न, फाटके वस्त्र आणि राहावयास गोठा मिळतो. ती कुरूप आहे म्हणून नावडती, असे कहाणी म्हणत नाही. ती नावडती आहे, कारण ती कोणाला आवडत नाही. अन्यायाचे इतके नेमके वर्णन मोठमोठ्या कादंबऱ्यांत आढळत नाही. कहाणी सुफळ संपूर्ण होते तेव्हा सासऱ्याचे मन पालटलेले असते. आवडत्या सुनांना कोणी कड्यावरून लोटत नाही. आपल्या व्रतकथांत तर चांगले आणि वाईट ही दोन माणसेच नसतात. एकच बाई आधी दरिद्री असते, मग संपन्न होते, संपन्नतेत वसा विसरते, भोगते आणि पुन्हा सावरते. सुष्ट आणि दुष्ट या एकाच जीवाच्या दोन अवस्था आहेत, हे त्या कहाण्या ऐकणाऱ्या मुलीला कळत असे.

राक्षसांच्या कथांत तरी राक्षस भेसूर असतो ना, असे कोणी म्हणेल. असतो. परंतु त्याचा प्राण त्याच्या भेसूर देहात नसतो. मेरी फ्रिअर या मुंबईच्या गव्हर्नरच्या कन्येने १८६८ मध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा दख्खनच्या कथांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्या तिला सांगितल्या होत्या ॲना लिबरेटा डिसोझा या आयेने, आणि ॲनाने ऐकल्या होत्या आपल्या आजीकडून. त्यांतील एका दुष्ट जादूगाराचा प्राण दूर अरण्यात, पाण्याच्या घड्यांखाली ठेवलेल्या पिंजऱ्यातील लहानशा हिरव्या पोपटात आहे. आपण सर्वांनी या गोष्टीचे कोणते ना कोणते रूप ऐकलेले आहे. दुष्टाशी लढावयाचे तर त्याच्या सुळ्यांकडे पाहून भागत नाही, त्याचा जीव कशात अडकला आहे ते शोधावे लागते. वाटते तेवढी ही पोरकट कल्पना नाही.

आपल्या दृश्य परंपरांनीही हा विवेक सांभाळला. आंबोलीचा घाट उतरून कोकणात गेलो की दशावताराचा खेळ लागतो. त्यातील संकासुर काळ्या पोषाखाचा आणि लाल जिभेचा असतो. रूपाने तो असुरच आहे. परंतु तो बोलतो प्रेक्षकांच्या घरच्या मालवणीत आणि हसवून हसवून पुरेवाट करतो. तेथे असुर परक्या हेलात बोलत नाही, आपल्याच हेलात बोलतो. कर्नाटकात कातडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आहे. त्यात बाहुलीचा आकार पात्राच्या योग्यतेप्रमाणे लहानमोठा असतो. देव आणि राजे मोठे, नोकरचाकर लहान. मात्र सर्वांत काळा, बेढब जो किळ्ळेक्यात, तो विदूषक आहे आणि लोकांचा लाडका आहे. हा खेळ परंपरेने कन्नडमध्ये करणाऱ्या किळ्ळेक्यात समाजाची घरची बोली मराठी वळणाची आहे, ही गोष्ट आपण सीमाभागातील मंडळींनी तरी विसरू नये. मराठी बालरंगभूमीवर रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ने हाच धागा पुढे नेला. दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगविलेल्या चेटकिणीला मुले भितात, आणि तिची वाटही पाहतात. आणि मूकपटांच्या काळात, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये, फाळक्यांच्या अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही, कारण ते पाहत होते ती करणी.

ॲनिमेशनपटांनाही आपला साचा हळूहळू उमगला, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १९९१ च्या ‘ब्युटी अँड द बीस्ट’मध्ये देखणा गॅस्टन दुष्ट निघतो आणि श्वापदाच्या देहात माणूस सापडतो, जरी अखेरीस त्यालाही राजबिंडा केल्याशिवाय चित्रपटाला राहवले नाही. २००१ च्या ‘श्रेक’ने ती उणीव भरून काढली. तेथे राजकन्याच शेवटी राक्षसीण होते आणि तशीच राहते. २०१३ च्या ‘फ्रोझन’मधील राजपुत्र हान्स सुंदर, विनयशील आणि कपटी आहे. त्याचे कपट उघड होईपर्यंत प्रेक्षकाला चेहऱ्यावरून काहीही कळत नाही. त्यातील हिमराणी एल्सा मुळात खलनायिका व्हावयाची होती, ती निर्मितीच्या ओघात नायिका झाली. हान्स पाहून मला कित्तूरच्या स्वामींची आठवण होते. हॉलिवूडला येथवर यावयास १९३७ पासून तीन पाव शतक लागले. २०१४ च्या ‘मॅलेफिसंट’मध्ये तर १९५९ च्या निद्रिस्त राजकन्येच्या चित्रपटातील दुष्ट परीला स्वतःची कैफियत मांडावयास मिळाली. मात्र एक सावधगिरी येथे हवी. जुन्या दुष्टाला निर्दोष ठरविण्यासाठी जुन्या सज्जनाला दुष्ट ठरविले, तर केवळ मुखवट्यांची अदलाबदल होते. त्या चित्रपटात राजाच्या वाट्याला तेच आले.

मित्रहो, हा सर्व ऊहापोह मी या गावी आणि या व्यासपीठावर का केला, ते आता सांगतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव, खानापूर, निपाणी हा आपला टापू एका वादाचा भाग आहे. त्या वादातील न्यायाची बाजू कोणती, हे या सभागृहात कोणाला सांगण्याची गरज नाही, आणि आपल्या भाषेच्या हक्कासाठी ज्यांनी सोसले त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु एवढ्या वर्षांत आपल्या मुलांना आपण कळत नकळत एक कार्टूनपट दाखवीत आलो आहोत काय, असा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. बसमध्ये, बाजारात, कचेरीच्या खिडकीपाशी पहिला शब्द कानी पडतो आणि समोरचा माणूस कोणत्या बाजूचा, हे आपण ठरवून टाकतो. त्याने अद्याप काही केलेले नसते. पलीकडेही आपल्याविषयी हेच घडते. भाषेचा हक्क मागणे हा आपला धर्म आहे, परंतु भाषा ऐकून माणसाचा निवाडा करणे ही ल्यूसिफर मांजराची कथा झाली. हक्काची लढाई लढतानाही माणूस पारखून घेण्याचे भान सुटू नये, कारण ते सुटले तर भगव्या वस्त्रातील स्वामी आपल्या भाषेत बोलतो म्हणून त्याच्याही हवाली आपण पेटी करू.

आपल्या संतांनी या बाबतीत आपल्याला केव्हाच सावध केले होते. ज्याला उभ्या महाराष्ट्राने आपले दैवत मानले, तो विठ्ठल वर्णाने सावळा आहे आणि संतांनीच त्याला ‘कानडा’ म्हटले आहे. पडद्यावर ज्या दोन खुणांनी वाईट माणूस ओळखावयास शिकवितात, काळा रंग आणि वेगळी बोली, त्या दोन्ही खुणा आपल्या परब्रह्माच्या आहेत.

वाचनालयाकडे माझी दोन नम्र मागणी आहेत. बालविभागात आठवड्यातून एक तास गोष्ट सांगण्याचा असावा. चित्र न दाखविता सांगण्याचा. सभासदांतील आजी-आजोबांनी तो चालवावा आणि मुलांना चेटकिणीचा चेहरा आपापला काढू द्यावा. दुसरे असे, की त्या तासाला शिवामुठीच्या कहाणीशेजारी कित्तूरची हंचीही सांगितली जावी, आणि ती सांगावयास कन्नड बोलणाऱ्या एखाद्या शेजारणीला सन्मानाने बोलवावे. आपल्या मराठी ग्रंथालयाचे मराठीपण त्याने कमी होणार नाही. चित्रपटही मुलांना जरूर दाखवावेत, त्यांना दूर ठेवण्याचा अट्टाहास नको. फक्त चित्रपट संपल्यावर एक प्रश्न विचारावा, की तो माणूस वाईट आहे हे तुला केव्हा कळले, त्याने काही केले तेव्हा, की तो दिसला तेव्हाच? मुले याचे उत्तर फार प्रामाणिकपणे देतात.